ॲश-ट्रेमधलं बटण

(सकाळ. गाड्यांचं वायरिंग करणाऱ्या वायरमनचं गॅरेज.)

वायरमन: लागणारच नाही वहिनी. लागलं तर मला येऊन सांगा. ते लॉक मीच तर काढलंय.

सिस्टर: तू काढलंस? स्टिअरिंगचं लॉक? कधी?

वायरमन: घ्या! बटण बसवलं तेव्हा नाही का? बटणावर गाडी चालू करायची म्हटल्यावर किल्लीचा संबंधच संपला. मग स्टिअरिंगला किल्लीचं कुलूप ठेवून कसं चालेल? वळणावर मध्येच अडकलं म्हणजे? पिन काढूनच टाकावी लागते. मास्तरांना मी तेव्हाच सांगितलं होतं. तुम्हाला सांगायचं राहिलं वाटतं त्यांच्याकडून.

सिस्टर: कुठलं बटण?

वायरमन: चेष्टा करताय माझी.

सिस्टर: नाही रे. काल औषधाच्या दुकानासमोर गाडी लावली. किल्ली काढली, उतरताना आधाराला स्टिअरिंग धरलं, तर ते सरळ फिरलंच. म्हणून आज सुट्टी होती, तर तुझ्याकडे घेऊन आले. मला दुसरं काही माहीत नाही. कुठलं बटण?

वायरमन: वहिनी, तुम्ही रोज गाडी कशी चालू करता?

सिस्टर: किल्लीनं. ही काय. सतरा वर्षं हीच किल्ली आहे.

वायरमन: आणि दार?

सिस्टर: दारही हिनंच. असा काय बघतोयस?

वायरमन: तुमची बोटं दुखतात ना? सांधे धरलेत. थंडीत किल्ली फिरवता येत नाही.

सिस्टर: हे तुला कुणी सांगितलं?

वायरमन: मास्तरांनी. त्यासाठीच तर सगळं केलं ना आपण! बसा जरा आत. नाही, तिकडून नको, ड्रायव्हरच्या बाजूनं बसा. आता ती ॲश-ट्रे ओढा.

सिस्टर: ती उघडत नाही. आमच्याकडे कोण सिगारेट ओढतंय?

वायरमन: खालून बोट घालून ओढा. हां.

सिस्टर: अगं बाई.

वायरमन: हेच बटण. दाबा. नाही, आता नाही चालू होणार, रिमोट जवळ लागतो. खिशात किंवा पर्समध्ये असला की झालं. गाडीजवळ गेलं की दार आपोआप उघडतं. लांब गेलं की आपोआप बंद. जुन्या गाडीला बसवायचं म्हणजे वायरिंग सगळं नव्यानं ओढावं लागतं. दोन दिवस मी दुसऱ्या कुणाच्या गाडीला हात लावला नव्हता. रिमोट आहे ना तुमच्याकडे?

सिस्टर: माझ्याकडे किल्ली आहे. एवढंच आहे.

वायरमन: मी दोन रिमोट दिले होते. एक मास्तरांचा, एक तुमचा.

सिस्टर: कधी बसवलंस हे?

वायरमन: झाले की पाच महिने. तुम्ही गावाला गेला होता, बहिणीकडे. किल्ली तुमच्याबरोबर गेली म्हणाले, म्हणून मीच येऊन दार उघडलं. मास्तर म्हणाले, ती यायच्या आत झालं पाहिजे, वाढदिवसाला अचानक दाखवायचंय. म्हणून तर बटण ॲश-ट्रेत लपवलं. मी म्हटलं होतं, समोर छान दिसेल. तर म्हणाले, नको, तिला शोधू दे.

सिस्टर: माझा वाढदिवस होऊन तीन महिने झाले.

वायरमन: हो ना. मी विचारलं होतं त्यांना.

सिस्टर: काय विचारलंस?

वायरमन: जाऊ द्या.

सिस्टर: काय विचारलंस ते सांग.

वायरमन: बाजारात भेटले होते. म्हटलं, मास्तर, वहिनींना आवडलं का? तर म्हणाले... म्हणाले, अरे, डोळ्यांत पाणी आलं तिच्या. म्हणाली, माझ्या बोटांचा एवढा विचार यांनी केला. मी घरी जाऊन बायकोला सांगितलं होतं वहिनी. तिनं मला ऐकवलंसुद्धा, बघा, शिका काहीतरी मास्तरांकडून.

सिस्टर: पाणी दे रे जरा.

वायरमन: थांबा, गार देतो. पंख्याखाली या. इथे बॅटऱ्यांचा वास येतो, त्यानं पण होतं कधीकधी.

सिस्टर: मला वासानं काही होत नाही. तीस वर्षं वॉर्डात काढलीत. मला एक सांग, हे बसवताना तुला काहीच वेगळं वाटलं नाही?

वायरमन: आता विचारताय म्हणून सांगतो. मी म्हटलं, चारही दारांना मोटर बसवतो. तर म्हणाले, फक्त ड्रायव्हरच्या. बरं. या सिस्टीमला आवाज असतो, लॉक झालं की टूं टूं करतं आणि दिवे लुकलुकतात. ते म्हणाले, आवाज बंद कर, दिवे पण बंद कर. मी म्हटलं, मग वहिनींना कळणार कसं लॉक झालं ते? तर हसले. वहिनी, त्यांनी मला गाडी शिकवलीय. अठरा वर्षांचा होतो. क्लच सोडता येत नव्हता, तर तीन रविवार फुकट घेऊन बसले. त्यांनी सांगितलं की मी मान डोलावतो. डोकं नाही चालवत.

सिस्टर: तुझी चूक नाही.

वायरमन: पण झालंय काय? त्यांनी गाडी चालवली तर बिघडलं कुठं? पाठीमुळे ड्रायव्हिंगची शाळा बंद केली त्यांनी, ते माहितीय. मणक्यात गॅप आहे ना? बटण असलं की वाकायला लागत नाही, हेही म्हणाले होते.

सिस्टर: त्यांच्या मणक्याला काही झालेलं नाही.

वायरमन: म्हणजे?

सिस्टर: त्यांना फिट येते. झटके येतात. पहिल्यांदा जिन्यात आली, सव्वा वर्षापूर्वी. मग बाथरूममध्ये. मग एकदा जेवताना. डॉक्टरांनी गाडीला हात लावायचा नाही म्हणून सांगितलंय. म्हणून शाळा बंद केली. म्हणून किल्ली माझ्याकडे असते. कामावर जाताना ही किल्ली मी सेफ्टी पिन लावून खिशात ठेवते. सातला बसनं निघते, तीनला येते. तोवर गाडी खाली उभी असते. असते असं मला वाटत होतं.

वायरमन: आणि मी...

सिस्टर: तू काय करणार?

वायरमन: तुम्ही मला सांगायचं होतंत वहिनी! सव्वा वर्षं! मी तुमच्या घरचा नाही का? मला एका शब्दानं कळलं असतं, तरी मी त्या गाडीचा एक स्क्रू सैल केला नसता. तुम्ही मणक्याचं सांगितलं, मी मणक्याचं धरून बसलो. माझा भाऊ याच रस्त्यांनी सायकलवर जातो. माझी पोरं जातात.

सिस्टर: त्यांनी शपथ घातली होती. म्हणाले, ज्यांना मी गाडी शिकवली ते मला बिचारा म्हणतील. मी पोटात ठेवलं. बहिणीलासुद्धा सांगितलं नाही.

वायरमन: आणि त्यांनी तेच वापरलं.

सिस्टर: हो. मी झाकून ठेवलं म्हणूनच त्यांना ते तुझ्याकडून करून घेता आलं. माझंच दुखणं पुढे केलं. माझी बोटं. मी एकदाच म्हटलं होतं, किल्ली जड लागते हो. म्हणाले होते, तेल घालू. तेल घातलं नाही.

वायरमन: वहिनी, मागच्या डाव्या चाकाची कॅप कुठंय?

सिस्टर: चोरीला गेली.

वायरमन: चोरीला नाही गेली. या इकडे. रिम बघा, इथे घासलंय. हे दगडाला घासून निघालंय. फुटपाथच्या कडेला घासलं की असं होतं. पुढचं चाक पण बघा. टायरच्या बाजूला फुगा आलाय. यावर वेगात गेलात तर फुटेल.

सिस्टर: फुटपाथ?

वायरमन: तुम्ही कुठं चढवली होतीत का?

सिस्टर: नाही.

वायरमन: मग?

सिस्टर: अरे देवा. मामा.

वायरमन: कोण मामा?

सिस्टर: आमचे वॉचमन. शिट्टीवाले मामा. पेट्रोल कमी व्हायला लागलं होतं. मी टाकी भरायची, दोनदा यांना डॉक्टरांकडे नेऊन आणायचे, तर काटा निम्म्यावर. मग ही कॅप गेली. मी सोसायटीत अर्ज दिला. लेखी. दुपारी खाली तेच असतात, दुसरं कोण काढणार म्हटलं. त्यांना काढून टाकलं रे. नऊ वर्षं होते ते गेटवर.

वायरमन: मास्तर काही बोलले नाहीत?

सिस्टर: ते माझ्या शेजारी बसले होते. मी अर्ज लिहीत होते तेव्हा. तू हे सगळं काढ. बटण, तारा, दाराची मोटर, जे जे घातलंस ते सगळं. लॉक परत बसव.

वायरमन: पिन नवीन आणावी लागेल. टायर पण बदलतो. आज गाडी इथेच राहू द्या. मी सोडायला येऊ घरी?

सिस्टर: नको. चालत जाते. वाटेत मला जरा एकटीला राहू दे.

(घर. त्याच दिवशी दुपारी. मास्तर खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेले, समोर उघडं वर्तमानपत्र. सिस्टर दारात चप्पल काढत आहेत.)

मास्तर: आलीस? गाडीचा आवाज नाही आला. नाहीतर तू लावताना तीनदा पुढे-मागे करतेस, अख्ख्या बिल्डिंगला कळतं.

सिस्टर: गाडी नाही आणली.

मास्तर: बंद पडली? क्लचवर पाय ठेवून चालवतेस, मी कधीपासून सांगतोय. पाय क्लचवरून काढायचा आणि—

सिस्टर: रिमोट द्या.

मास्तर: तो काय, टीव्हीवर.

सिस्टर: टीव्हीचा नाही.

मास्तर: मग कुठला?

सिस्टर: मी वायरमनकडून आलेय. वर्तमानपत्र खाली ठेवा. मला तोंड दिसू दे तुमचं.

मास्तर: त्यानं सांगितलं होय. बरं. बस तरी. घामाघूम झालीयस. चालत आलीस?

सिस्टर: रिमोट.

मास्तर: चष्म्याच्या डबीत आहे. जुन्या चष्म्याच्या. घे.

सिस्टर: दुसरा?

मास्तर: त्याच डबीत. दोन्ही आहेत.

सिस्टर: माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं म्हणे.

मास्तर: त्याला काहीतरी सांगायला हवं होतं. सारखा विचारत होता.

सिस्टर: आणि तुम्हाला चटकन सुचलं. काय बोलले असते मी, कशी रडले असते, सगळं बरोबर ठाऊक आहे तुम्हाला. खरंच दिलं असतं ना हातात, तर तसंच बोलले असते मी. तशीच रडले असते.

मास्तर: मी तुला देणारच होतो.

सिस्टर: कधी?

मास्तर: डॉक्टरांनी परवानगी दिली की.

सिस्टर: ते देणार नव्हते, आणि तुम्हाला ते माहीत होतं.

मास्तर: दिली असती! पहिल्या झटक्यानंतर काय म्हणाले होते ते? वर्षभर काही झालं नाही तर बघू, म्हणाले होते. बाथरूममधलं फक्त तुला माहीत होतं. मी तुला हात जोडले होते. जिन्यात, दवाखान्याच्या. म्हटलं, एवढं एक सांगू नकोस. तू हो म्हणालीस. आणि आत गेल्यावर माझ्यासमोर, माझ्या तोंडावर, त्यांना तारीख-वेळेसकट सांगितलंस. आता फसवलं फसवलं म्हणतेस. सुरुवात कुणी केली?

सिस्टर: मी हो म्हणाले नव्हते. मी गप्प बसले होते.

मास्तर: तुझं गप्प बसणं म्हणजे हो, हे मला बत्तीस वर्षं माहीत आहे.

सिस्टर: सांगितलं नसतं तर औषध वाढलं नसतं. बाथरूममध्ये तुम्हाला मी उचललंय. नळाखालून डोकं बाहेर ओढलंय. ते मी डॉक्टरांपासून लपवायचं?

मास्तर: आणि किल्ली पिन लावून खिशात ठेवायची. लहान पोराच्या हातातून काडेपेटी काढून घ्यावी तशी. मी चार हजार माणसांना गाडी शिकवलीय या गावात. खिडकीत बसून बघतो ना, जाणाऱ्या प्रत्येक तिसऱ्या गाडीत माझा माणूस असतो. हात करतात. मी इथून हात करतो. कितीदा करू?

सिस्टर: मला हे बोलला असतात कधी, तर मी ऐकलं असतं.

मास्तर: काय केलं असतंस ऐकून?

सिस्टर: माहीत नाही. पण ऐकलं असतं. त्याऐवजी रोज संध्याकाळी मला विचारत होतात, चल, आज जरा चक्कर मारून आणतेस का? मी थकून आलेली असायचे, पाय सुजलेले असायचे, तरी उठायचे. म्हणायचे, दिवसभर खिडकीत बसून असतात. बाजूला बसून मला शिकवायचात, आरसा बघ, गिअर टाक. मला बरं वाटायचं हो. वाटायचं, एवढं तरी आपण यांना देतोय. आणि तुम्ही सकाळीच फिरून आलेले असायचात.

मास्तर: संध्याकाळचं खोटं नव्हतं.

सिस्टर: आता कुठलं खरं, कुठलं खोटं, ते मी कसं निवडू? कुठं जायचात?

मास्तर: कुठं नाही. जुन्या विमानतळाच्या रस्त्यानं. टोकाला जायचं, वळायचं, परत यायचं. तिथं रहदारी नसते.

सिस्टर: एकटेच?

मास्तर: एकटाच. शिकवत जायचो.

सिस्टर: कुणाला?

मास्तर: शेजारच्या सीटला. रिकाम्या. मोठ्यानं बोलायचो, आता क्लच, आता हळूहळू सोड, घाबरू नकोस, ब्रेक माझ्या पायाखाली आहे. हसू नकोस.

सिस्टर: मी हसत नाहीये.

मास्तर: झालं. सांगितलं सगळं.

सिस्टर: सगळं नाही. मागच्या चाकाची कॅप कशी गेली? पुढच्या टायरला फुगा आलाय. रिम घासलंय. विमानतळाच्या रस्त्याला फुटपाथ नाही.

मास्तर: त्या दिवशी गावातून आलो. पूल बंद होता.

सिस्टर: मग?

मास्तर: सिग्नलला थांबलो होतो, एवढं आठवतंय. लाल होता. मग एक बाई काचेवर हात आपटत होती. पुढचं चाक फुटपाथवर होतं. पुस्तकांच्या दुकानासमोर. तिच्या कडेवर लेकरू होतं.

सिस्टर: लागलं त्यांना?

मास्तर: नाही. ती म्हणाली, झोप लागली का काका? मी हो म्हटलं.

सिस्टर: किती वेळ गेला मध्ये?

मास्तर: माहीत नाही.

सिस्टर: सिग्नल हिरवा होता की लाल, शुद्धीवर आलात तेव्हा?

मास्तर: बघितलं नाही.

सिस्टर: जीभ चावली होती?

मास्तर: थोडी. शर्टावर आलं होतं.

सिस्टर: निळा शर्ट. बादलीत भिजत घातला होतात. मी विचारलं तर म्हणालात, खोकल्याचं औषध सांडलं. डोकं आपटलं कुठं? उलटी झाली नंतर? हात जड वाटला?

मास्तर: नाही. झोप आली फक्त. तू आता नर्स होऊ नकोस.

सिस्टर: मग काय होऊ? सांगा ना, काय होऊ? बायको तर तुम्ही ठेवली नाहीत मला. आणि तिथून गाडी घरी कुणी आणली?

मास्तर: मीच. दहा मिनिटं थांबून.

सिस्टर: फिट येऊन गेल्यावर? तशीच? भर गर्दीतून तू गाडी चालवत आणलीस? डोकं ठिकाणावर आहे का तुझं? ती बाई, तिचं लेकरू—

मास्तर: बत्तीस वर्षांत मला तू म्हणाली नव्हतीस.

सिस्टर: बत्तीस वर्षांत वेळ आली नव्हती.

मास्तर: मी त्यानंतर चार दिवस गाडीला हात लावला नाही.

सिस्टर: आणि पाचव्या दिवशी?

मास्तर: पाचव्या दिवशी गेलो. खोटं नाही सांगत. खाली गेलो, जवळ गेलो की दार आपोआप उघडतं. कट् आवाज होतो बारीक. गाडी आपल्याला ओळखते असं वाटतं. बाकी सगळे मला जपतात, गाडी जपत नव्हती.

सिस्टर: मामा तुम्हाला बघायचे ना? जाताना-येताना? गेटवर तेच असायचे.

मास्तर: बघायचे. गेट उघडायचे. मी म्हटलं होतं, हिला सांगू नका, उगाच काळजी करते.

सिस्टर: म्हणजे त्यांना माहीत होतं.

मास्तर: मी चालवतो एवढंच माहीत होतं. आजाराचं नाही.

सिस्टर: आणि त्यांना ऑफिसात बोलावून विचारलं, तेव्हा ते काही बोलले नाहीत.

मास्तर: नाही.

सिस्टर: तुम्ही तिथे होतात. मी बोलत होते, टेबलावर हात आपटून बोलत होते, पेट्रोल काय हवेत उडतं का म्हणून. ते एकदा तुमच्याकडे बघत होते, एकदा माझ्याकडे. मला वाटलं, पकडला गेलाय म्हणून बघतोय. ते वाट बघत होते हो, तुम्ही बोलाल म्हणून.

मास्तर: मला वाटलं, ते सांगतील. मग म्हटलं, सांगितलं तर सांगितलं.

सिस्टर: त्यांनी शब्द पाळला. तुम्हाला दिलेला. आणि तो अर्ज! मी इथे बसून लिहिला, याच टेबलावर. मी ‘संशयीत’ लिहिलं, तर तुम्ही पेन घेऊन दुरुस्त केलंत. म्हणालात, ‘यि’ ऱ्हस्व. त्या माणसाची भाकरी जात होती आणि तुम्ही माझी वेलांटी बघत होतात.

मास्तर: मला दुसरं काही सुचलं नाही. तू माझ्याकडे कागद सरकवलास, काहीतरी बोलायला हवं होतं.

सिस्टर: खरं बोलता आलं असतं.

मास्तर: ते तोंडातून निघत नाही. फिट हा शब्दच निघत नाही माझ्या तोंडातून. आज सुद्धा मी म्हणालो का बघ. झटका म्हणालो, ते म्हणालो.

सिस्टर: म्हणा.

मास्तर: आता कशाला?

सिस्टर: मी वायरमनला सांगितलंय. उद्या वॉर्डात सांगणार, बहिणीला सांगणार. माझ्याच्यानं आता झाकलं जाणार नाही. मणका बिणका संपला. पण मामांना मी सांगणार नाही. ते तुम्ही सांगायचं. आत्ता.

मास्तर: सेक्रेटरीला फोन करतो. तो बघेल, परत घेईल त्यांना.

सिस्टर: सेक्रेटरी नंतर. आधी मामा. हा घ्या नंबर. गोदामावर असतात ते हल्ली, दुपारी मोकळे असतात.

मास्तर: उद्या जाऊन भेटतो ना समक्ष.

सिस्टर: उद्या तुम्हाला काहीतरी सुचेल. आत्ता.

मास्तर: तू इथेच उभी राहणार?

सिस्टर: हो.

मास्तर: वाजतोय... हॅलो. मामा? मी मास्तर बोलतोय. हो, हो, मीच. बरा आहे. नाही, बरा नाही. मामा, ऐका. ते पेट्रोल मीच जाळलं. तुम्हाला माहितीच आहे ते. पण चाकाची कॅप... ती पण माझ्यामुळेच गेली. मला गाडी चालवायला बंदी आहे. डॉक्टरांची. मला... मला फिट येते मामा. सव्वा वर्ष झालं. हिनं अर्ज केला तेव्हा हिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मला होतं. मी बसून राहिलो... हो. हो, मी तिथेच बसलो होतो. बरोबर आहे तुमचं... सेक्रेटरीला मी आजच सांगतो, लेखी देतो... बरं. थांबा, विचारतो.

सिस्टर: काय म्हणताहेत?

मास्तर: विचारताहेत, वहिनी तिथे आहेत का.

सिस्टर: कशाला?

मास्तर: तुझ्याशी बोलायचंय म्हणतात.

सिस्टर: मी काय बोलू त्यांच्याशी?

मास्तर: मला काय माहीत? मी माझं सांगितलं. धर.

सिस्टर: हॅलो... हो मामा, मीच. नाही, ठेवत नाही. तुम्ही बोला. मी ऐकतेय.